शपथ पोरींनीच का म्हणून घ्यायची?



आश्रमशाळा सुरू झाल्या. पेट्या घेऊन लेकरं वसतिगृहात गेली. आपल्या काही पोरी पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला आल्या, नंदनवनात दोघी-तिघी मिळून खोली करून राहून राहिल्या. हे पत्रक जमिनीचं अन् जंगलाचं, त्यात पोरींवरच्या अत्याचाराची गोष्ट कशाला, असं काही जण म्हणतील. दाव्याच्या कामात मोर्च्याच्या पुढे बायका चालतात तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही.

३ फेब्रुवारी २०२० ला वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला कॉलेजात जाताना भर रस्त्यावर पेट्रोल टाकून पेटवलं. सात दिवस ती नागपूरच्या दवाखान्यात झुंजली, १० तारखेला गेली. पेटवणारा तिच्या मागे लागला होता, अन् ती त्याला नाही म्हणत होती. शाळा-कॉलेजच्या पोरी रस्त्यावर उतरल्या. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, हिंगणघाटच्या कोर्टाने त्याला जन्मठेप दिली.

पण मधली एक गोष्ट लोक विसरले. ती जाऊन तीनच दिवस झाले होते. १३ फेब्रुवारीला अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वेच्या एका महिला कॉलेजच्या शिबिरात पोरींना शपथ दिली गेली. प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही, हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही. हुंड्याचं कलम चांगलं आहे, त्याला आमचा जोहार. बाकीच्याचं काय? हिंगणघाटची ताई प्रेम केलं म्हणून नाही जळाली. तिचं नाही त्या माणसाला ऐकू आलं नाही म्हणून जळाली. मग शपथ कोणी घ्यायची? पोरांनी का घेऊ नये, हे तेव्हा पंकजा मुंडेंनीही विचारलं होतं. त्यांच्या पक्षाशी आपलं जमो न जमो, प्रश्न बरोबर होता.

प्रेम हाच पोरीचा गुन्हा, हे आपण आधीही भोगलं आहे. २६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. मायबाप नसलेली, मजुरी करणारी एक आदिवासी पोरगी, वय चौदा ते सोळा. तिला एक पोरगा आवडला होता, त्याच्याशी लग्न करायचं होतं. भावाने तक्रार केली म्हणून सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. बयाण झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढलं, पोरीला आत थांबवून घेतलं. भाऊ अन् घरची माणसं बाहेर उभी, अन् आत दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. तिचं नाव सगळ्या देशाला माहीत झालं. आम्ही ते इथे लिहीत नाही.

खालच्या कोर्टाने १९७४ साली पोलिसांना सोडलं. ही पोरगी आधीपासून तशीच, असं धरलं. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. मग १५ सप्टेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टाने दोघांनाही सोडलं. अंगावर जखम नाही, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे तिची मर्जी होती! बंद ठाण्यात, रात्री, वर्दीसमोर, पंधरा वर्षांच्या पोरीने किती ओरडायचं ते त्या साहेबांनी सांगितलं नाही. १९७९ साली कायद्याच्या चार शिक्षकांनी सुप्रीम कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यात असलेली बाई मर्जी नव्हती म्हणते, तर कोर्टाने तिचं धरून चालायचं, हे तेव्हापासून.

म्हणजे आज जो कायदा सगळ्या देशाच्या लेकीबाळींच्या कामी येतो, तो आपल्याच एका पोरीच्या दुःखातून निघाला. आपल्या किती आश्रमशाळांत हे शिकवतात?

२०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्या लेकरांसाठी आहे. त्यात लिहिलं आहे की लेकराला कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. देसाईगंज आठवून हे वाक्य परत वाचा. ज्याला अत्याचाराची माहिती आहे त्याने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. शाळेची बदनामी होईल म्हणून दाबणारा मुख्याध्यापक स्वतः गुन्हेगार ठरतो. तरी २०१६ ला खामगाव तालुक्यात पाळ्याची आश्रमशाळा घडली, २०१९ ला राजुऱ्याचं वसतिगृह घडलं. राजुऱ्याच्या वेळी तर मदतीच्या पैशासाठी मायबाप तक्रारी करतात, असं बोलणारे पुढारी निघाले.

नंदनवनातल्या आपल्या पोरींशी बोललं तर एकच गोष्ट निघते. बसमध्ये, खोलीच्या वाटेवर कोणी त्रास दिला तर त्या घरी सांगत नाहीत. भीती त्या टवाळखोराची कमी, घरची जास्त. "सांगितलं की बाबा म्हणतील, चल घरी, झालं शिक्षण." मग लग्न. गुन्हा दुसऱ्याने करायचा अन् शाळा हिची सुटायची. दादाहो, ही शपथ चांदूर रेल्वेत दिली गेली म्हणून आपण हसतो, पण आपल्या घरात ती न बोलता रोजच घेतली जाते. आपल्या जुन्या रीतीत पोरीने मनाने जोडीदार निवडणं पाप नव्हतं, हे म्हाताऱ्यांना विचारा. आता शिकलेले आपणच बाहेरचं शिकून पोरीवर डोळे ठेवून राहिलो. दारू पिऊन बायकोला मारणारा मात्र बैठकीत पुढे बसतो.

वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने आहे, समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत. हे आपण भांडून करून घेतो. सभेत बाई बसली तर तिच्या पोरीचंही ऐकलं पाहिजे.

तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा खरोखर भरवा, नुसत्या सह्या नकोत. आठवीच्या वरच्या पोरापोरींना तिथे बोलवा. शपथ घ्यायचीच असेल तर पोरांनी पुढे यावं: पोरगी नाही म्हणाली की तिथेच थांबीन, मित्र कोणाला छेडत असला तर त्याला अडवीन, पोलिसात जायची वेळ आली तर साक्ष देईन. अन् बापांनी एवढं म्हणावं की पोरीने तक्रार केली म्हणून तिची शाळा सोडवणार नाही. हे ठरावात लिहा, इतिवृत्तात नोंदवा. गावची लेकरं ज्या वसतिगृहात आहेत तिथे दोन बाया अन् एक माणूस महिन्यातून एकदा जाऊन येतील, त्यांची नावंही त्याच ठरावात घाला. १०९८ हा लेकरांच्या मदतीचा फुकट नंबर आहे, तो प्रत्येक पेटीच्या झाकणावर आतून लिहून द्या.

ठरावाची नक्कल आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात गावांची नावं छापू.