चिमणीपाशी नको, नाकापाशी मोजा

कोल्हापूरच्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा कागल-हातकणंगले पट्ट्यात फौंड्रीवाल्यांशी पर्यावरणाचा आणि सुरक्षेचा विषय काढा, चार वाक्यं हमखास ऐकू येतात. सगळे नियम पाळायचे म्हटलं तर छोट्या फौंड्रीला कुलूप लावावं लागेल. इंडक्शन फर्नेस आल्या, कोळशाचा धूर गेला, आता प्रदूषण राहिलंय कुठं? मास्क आम्ही देतो, कामगारच लावत नाहीत. आणि सिलिकोसिसचं म्हणाल, तर आमच्याकडं आजवर एकही पेशंट सापडलेला नाही.

ही वाक्यं बोलणारी माणसं निर्दय नाहीत. त्यांच्यातले बरेचजण स्वतः मोल्डिंग करत वर आले, अनेकांच्या वडिलांनी उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हाताने लॅडल ओतलंय. ओतकामात भारत आज जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे, वर्षाला एक कोटी टनांहून अधिक कास्टिंग इथं निघतं, आणि त्यातला मोठा वाटा अशाच लहान-मध्यम कारखान्यांचा आहे. म्हणून या वाक्यांना घोषणांनी उत्तर देणं बरोबर नाही. ती एकेक करून तपासायला हवीत. तपासली की चारही खोटी ठरतात, आणि चारही एकाच चुकीतून निघालेली दिसतात. फौंड्रीचं नियमपालन आपण चिमणीच्या तोंडाशी मोजत आलो. ते मोजायला हवं कामगाराच्या नाकापाशी.

आधी इंडक्शनचं बघू. कुपोलाचा, म्हणजे कोकवर चालणाऱ्या जुन्या भट्टीचा, काळा धूर गेला हे खरं आहे आणि ते चांगलंच झालं. पण फौंड्रीतला सगळ्यात घातक पदार्थ भट्टीतून कधी येतच नव्हता. तो येतो वाळूतून. एक टन कास्टिंगमागे चार-पाच टन वाळू फिरते. सिलिका सँड, बेंटोनाइट, कोल डस्ट आणि पाणी यांचं मिश्रण साच्यात ठोकतात, त्यावर चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड ओततात. ओल उडून जाते, वाळू सुकते, तडकते. मग नॉकआउटवर साचा फोडला की तीच तडकलेली वाळू धूळ होऊन उठते. पुढं फेटलिंगमध्ये कास्टिंगला चिकटलेली भाजकी वाळू ग्राइंडरने घासून काढतात, आणि ग्राइंडर मारणाऱ्याचं तोंड तिथून हातभर अंतरावर असतं. खुद्द इंडक्शन फर्नेसचं अस्तर ज्या रॅमिंग मासचं असतं, तीही जवळपास शुद्ध सिलिकाच. ठरावीक हीट्सनंतर, म्हणजे ठरावीक वेळा धातू वितळवून झाल्यावर, ते अस्तर छिन्नीने किंवा ब्रेकरने फोडून काढावं लागतं. उष्णतेने तिथल्या क्वार्ट्झचा काही भाग क्रिस्टोबलाइट झालेला असतो आणि तो क्वार्ट्झइतकाच, किंबहुना अधिक, घातक मानला जातो. म्हणजे ज्या यंत्राकडं बोट दाखवून ‘प्रदूषण संपलं’ असं सांगतात, त्याच यंत्राच्या पोटात उतरून एक माणूस सिलिका फोडत असतो. कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे बनवतात त्या कोअर शॉपमधले वायू वेगळेच: रेझिननुसार कुठं फॉर्मल्डिहाइड, कुठं आयसोसायनेट, कोल्ड बॉक्समध्ये अमाइन. ओतताना कोल डस्ट जळून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझीन आहेतच. धूर दिसायचा, म्हणून शेजारचं गाव तक्रार करायचं. आता जे उरलंय ते दिसत नाही. फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचणारा कण पाच मायक्रॉनच्याही आतला असतो.

एकही पेशंट नाही, हा दावा मात्र मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. तो करणाऱ्याला तो खरा वाटतो, आणि तो खरा का वाटतो यातच सगळी गोम आहे.

सिलिकोसिस बहुधा दहा-पंधरा वर्षांनी बोलायला लागतो. दरम्यान कामगार दोन-तीन ठेकेदार आणि चार-पाच कारखाने बदलून बसलेला असतो. फेटलिंग आणि नॉकआउट ही कामं कायम कामगारांकडून कधीच निघून ठेक्यावर गेली. तिथं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची पोरं आहेत आणि आपल्या दुष्काळी तालुक्यांतलीही. धाप लागायला लागली की तो माणूस गावी जातो. तिथल्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला की डाग दिसतात आणि टीबीची औषधं सुरू होतात. बऱ्याचदा टीबी असतोही, कारण सिलिका साठलेल्या छातीत टीबी लवकर घर करतो. औषधांनी टीबी बरा होतो, सिलिकोसिस होत नाही. त्यावर जगात कुठंच इलाज नाही. तो माणूस गावातच संपतो आणि मृत्यूच्या कारणात वाळूचं नाव येत नाही. मग शिरोलीतल्या रजिस्टरमध्ये तो सापडणार कसा?

कायद्याने हे ओळखलं होतं. भोपाळनंतर 1987 साली कारखाना कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात धोकादायक प्रक्रिया असलेल्या उद्योगांची यादी आली, आणि त्या यादीत फौंड्री स्पष्ट नोंदवलेली आहे. अशा कामावर घेण्याआधी तपासणी, काम करत असताना बारा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी, आणि काम सोडल्यानंतरही तपासणी चालू ठेवायची, असं 41-सी कलम सांगत होतं. काम सोडल्यानंतरही! ही तरतूद लिहिणाऱ्याला हा आजार नीट कळला होता. शिवाय सिलिकोसिस कळवण्याजोग्या रोगांच्या परिशिष्टात आहे. डॉक्टरला तो आढळला तर कारखाना निरीक्षकांना कळवणं त्याच्यावर बंधनकारक. पण फौंड्री सोडून गेलेल्या ठेक्याच्या पोराची तपासणी कोणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शोधच घेतलेला नसताना ‘एकही पेशंट नाही’ या वाक्याला पुराव्याची किंमत नाही. 2020 च्या नव्या सुरक्षा संहितेत तर विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्याच दहाऐवजी वीस कामगारांवर नेली. पंधरा माणसांच्या फेटलिंग शेडमधली धूळ या आकड्याकडं बघून कमी होत नाही.

मास्कबद्दल थोडक्यात. तोंडावर बांधलेला रुमाल पाच मायक्रॉनचा कण अडवत नाही, आणि खरा रेस्पिरेटर भट्टीच्या धगीत आठ तास लावून जड कास्टिंग उचलणं ज्याने केलंय त्यालाच विचारावं. आधी धूळ उठूच द्यायची नाही, ते जमत नसेल तर काम बंदिस्त करून ती उठते तिथंच ओढून घ्यायची, आणि एवढ्यावरही जे उरेल त्यासाठी मास्क, हा जगभरातला मान्य क्रम आहे. आपण तो उलटा करतो आणि वर दोष कामगाराला देतो. अपघातांच्या बाबतीतही हेच. कोल्हापूरच्या पावसात उघड्यावर भिजलेला स्क्रॅप फर्नेसमध्ये गेला, किंवा जुन्या शॉक अॅब्सॉर्बरसारखा बंद नग त्यात सुटला, तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होताना ते सुमारे सतराशे पट फुगतं आणि वितळलेलं लोखंड छतापर्यंत उडतं. चार्जिंग करणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी स्क्रॅप कुठं ठेवायचा, तो आधी तापवून घ्यायचा की नाही, फर्नेसच्या तोंडाशी माणूस उभा करायचा की चार्जिंग बकेट घ्यायची, हे निर्णय त्याच्या हातात नसतात.

राहिला खर्च. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. छोट्या फौंड्रीचा नफा किलोमागे किती थोडा सुटतो हे या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण खर्चाने उद्योग बुडेल, ही भीती नवी नाही. ब्रिटनने 1949 साली कास्टिंग साफ करायला वाळूचा फवारा वापरण्यावर बंदी घातली. उद्योग स्टीलच्या शॉट्सकडं वळला, आणि आज शिरोलीतली लहानशी फौंड्रीही शॉट ब्लास्टिंग मशीनशिवाय चालत नाही. तो खर्च जास्त झाला असं कोणी म्हणत नाही. हावड्यात टेरी या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुहेरी झोताचा कुपोला आणि व्हेंचुरी स्क्रबर उभारून दाखवला. प्रदूषण कमी झालंच, शिवाय चार्जमधला कोक तेरा-साडेतेरा टक्क्यांवरून आठ टक्क्यांच्या आसपास उतरला. वाळूचंही तसंच. धूळ ओढून घेतली नाही तर बारीक कण परत साच्यात जातात, साच्याची हवा जाऊ देण्याची ताकद घटते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतात. रिजेक्शनचा ढीग बघून वैतागणाऱ्या मालकाने एकदा आपल्या डस्ट कलेक्टरच्या पिशव्याही बघाव्यात. वापरलेली वाळू रिक्लेम केली तर नवी वाळू कमी लागते आणि काळे ढीग ओढ्याकाठी टाकण्याची वेळ येत नाही. सगळा खर्च असा वसूल होतो असं मात्र मी म्हणणार नाही. काही खर्च निव्वळ खर्चच आहे. तो आज होत नाही असं नाही. तो कामगाराचं घर सोसतंय.

आता माझ्या बाजूचं सांगतो. कारखान्याच्या बाहेरची हवा प्रदूषण नियंत्रण मंडळ बघतं, आतली औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. दोघांच्या मध्ये शेडची एक भिंत आहे. शेड धुळीने भरली की भिंतीत मोठा पंखा बसवतात: आतली धूळ बाहेर, गावाच्या वाऱ्यावर. तक्रार आली की पंखा बंद: बाहेरची धूळ परत आत. दोन्ही वेळा कोणत्या तरी एका खात्याचा कागद स्वच्छ राहतो. धूळ नॉकआउटच्या जाळीपाशी, ग्राइंडरच्या तोंडाशीच पकडली तर मात्र भिंतीच्या दोन्ही बाजू एकदम सुटतात. म्हणून पर्यावरण आणि सुरक्षा हे दोन विषय मानणंच मुळात घातक आहे. चिमणीची मापंही बघा. ताशी तीन टनांवरच्या कुपोलाला घनमीटरमागे 150 मिलिग्रॅम कणांची मर्यादा आहे, त्याखालच्याला 450. लहान उद्योगाला दिलेली ही सवलत आहे, पण लहान कुपोलापाशी उभ्या असलेल्या माणसाचा श्वास तिप्पट धूळ पचवत नाही.

नाकापाशी मोजणं अवघड नाही. कमरेच्या पट्ट्याला छोटा पंप, कॉलरला फिल्टर, पूर्ण पाळीभर. मग फिल्टरवरचं क्वार्ट्झ प्रयोगशाळेत मोजायचं. आपल्या कायद्याच्या सूत्रातून क्वार्ट्झची मर्यादा घनमीटरमागे साधारण 0.1 मिलिग्रॅमच्या आत येते. अमेरिकेने 2016 मध्ये ती 0.05 केली, आपणही तिथं जायला हवं. एकेका फौंड्रीला हे परवडणार नाही हे मान्य. पण वाळू, चाचण्या, प्रशिक्षण यांसाठी क्लस्टर म्हणून एकत्र येण्याची सवय या जिल्ह्याला आहे. तशीच एक धूळमापन प्रयोगशाळा आणि छातीचे फोटो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) प्रमाण फिल्म्सशी ताडून वाचू शकणारा एक डॉक्टर सगळ्यांनी मिळून ठेवावा. कार्ड कामगाराच्या नावाचं असावं, ठेकेदाराच्या नव्हे, म्हणजे कारखाना बदलला तरी फोटोंची मालिका तुटणार नाही. मोजलेले आकडे फेटलिंग शेडच्या दाराशी मराठीत आणि हिंदीत लावावेत, बोनसची नोटीस लावतात तसे.

आणि पैशाचा प्रश्न कास्टिंग घेणाऱ्यांनाही विचारला पाहिजे. मोठ्या वाहन कंपन्यांचे खरेदी विभाग फौंड्रीत ऑडिटला येतात, रिजेक्शनचा आकडा दहा लाखांत किती असा मागतात आणि दरवर्षी भाव थोडा खाली आणायला सांगतात. त्याच ऑडिटमध्ये त्यांनी ग्राइंडरवरच्या माणसाच्या कॉलरपाशी घेतलेला क्वार्ट्झचा आकडा मागावा, आणि तो खाली आणायला जो खर्च येईल तो कास्टिंगच्या किलोमागच्या भावात धरावा.