बंद चार्जरचा हिशेब कोण देणार?

टोलमाफीचे पेढे वाटून झाले असतील, तर आता चार्जरकडे वळू. या महिन्यात आलेल्या पत्रांतली बहुतेक एकाच विषयावर आहेत. अ‍ॅपवर हिरवा ठिपका दिसतो, म्हणून गाडी हायवे सोडून आत घ्यावी, तर चार्जर बंद. मागच्या सीटवर विमान गाठायचे असलेला प्रवासी, बॅटरी १४ टक्क्यांवर, आणि हेल्पलाइनवरचा मुलगा विचारतो, ‘सर, क्यूआर पुन्हा स्कॅन करून बघितला का?’

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचे ठरले आहे. उत्तम. पण मोजणी होते ती बसवलेल्या चार्जरची. फीत कापली की चार्जर आकडेवारीत जमा. पुढे गनची पिन जळो, कूलिंग फॅन बसो की आतले सिम मरो, तो आकडेवारीतून वजा होत नाही.

एका वाचकाने पाठवलेला फोटो आमच्यासमोर आहे. ६० किलोवॉटचा, दोन गनचा चार्जर. वीज आहे, स्क्रीन चालू आहे, त्यावर फक्त ‘इमर्जन्सी’ एवढेच. कुणीतरी लाल बटण दाबून गेले, बस. ते फिरवले की वर येते, शाळकरी पोरालाही जमेल. पण ढाब्याचा मॅनेजर म्हणतो, ‘आम्ही फक्त जागा दिलीय.’ वॉचमनला हात लावायची परवानगी नाही. कंपनीचा इंजिनिअर दुसऱ्या शहरातून येणार, कधी ते त्यालाच ठाऊक!

दुसरे दुखणे वॉलेटचे. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत चार्जरचालकांना आगाऊ बुकिंगसाठी किमान एका नेटवर्क सेवेशी जोडून घ्यायला सांगितले होते. ‘किमान एक’ म्हटल्यावर दुसरे काय होणार? ज्याने त्याने आपापले एक धरले. आता मुंबई-पुणे-नाशिक करणाऱ्याच्या फोनमध्ये अर्धा डझन अ‍ॅप आणि प्रत्येक वॉलेटमध्ये शे-दोनशे रुपये अडकलेले. टपरीवरचा चहावाला दहा रुपये यूपीआयने घेतो, पण पाचशे-सातशेचे चार्जिंग देणाऱ्याला आधी रिचार्ज हवा. घाटात रेंज गेली की ओटीपीच येत नाही. वर बिलावर १८ टक्के जीएसटी आहेच. घरच्या मीटरच्या युनिटवर तो नाही, पण त्यावर पूर्वी लिहून झाले आहे.

आता आपल्या मंडळींना दोन शब्द. ८० टक्क्यांनंतर बीएमएस करंट खाली आणते, हे तुम्हाला सांगायला नको. तरीही मागे गाड्या खोळंबलेल्या असताना ९७ टक्क्यांवर गन तशीच ठेवून, एसी लावून झोपणारे आपल्यातच आहेत. पॉवर दोन गनमध्ये सरळ निम्मी वाटणारा चार्जर असेल, तर शेजारच्यालाही त्याचा भुर्दंड. आणि गन सुटत नाही म्हणून लाल बटण दाबून, ते तसेच सोडून निघून जाणारे तरी कोण? ढाब्यावर जेवायला आलेले लोक नक्कीच नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिव्या घातल्या म्हणजे तक्रार होत नाही. या अंकापासून आम्ही बंद चार्जरची नोंदवही उघडत आहोत. स्क्रीन स्पष्ट दिसेल असा फोटो, ठिकाण, तारीख, वेळ, कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक आणि वॉलेटमध्ये अडकलेली रक्कम २० तारखेपर्यंत पाठवा. यादी चार्जरनिहाय छापू आणि ऊर्जा व परिवहन या दोन्ही खात्यांच्या टेबलावर ठेवू. सोबत मागण्या दोनच: अनुदानाचा हप्ता चार्जर किती तास चालू राहिला ते पाहून द्या, आणि अ‍ॅपशिवाय थेट यूपीआयने पैसे भरायची सोय सक्तीची करा.

तक्रार क्रमांक नसलेली पत्रे नोंदवहीत घेतली जाणार नाहीत. तेव्हा हेल्पलाइनला फोन केलात की क्रमांक मागून घ्या.