संखिया, सिरका आणि संशय



या महिन्याच्या वाचन-बैठकीसाठी निवडलेले पुस्तक अनेक जणींना अनपेक्षित वाटले. आजवर या सदरात आपण सीरत, आत्मचरित्रे, प्रवासवर्णने, कथासंग्रह यांवर बोललो. या वेळी खुनाची गोष्ट घेतली. तीही अमेरिकेतली, आणि मरणारा माणूस मरतो तो हॉटेलात जेवता जेवता.

पुस्तकाचे नाव 'आर्सेनिक अँड अडोबो'. लेखिका मिया मनानसाला, शिकागोच्या, फिलिपिनी घराण्यातल्या. २०२१ साली आलेल्या या त्यांच्या पहिल्याच कादंबरीला पदार्पणातील कादंबरीसाठीचा अगाथा पुरस्कार मिळाला. आर्सेनिक म्हणजे मराठीत सोमल, उर्दूत संखिया. अडोबो म्हणजे सिरका, सोया सॉस आणि लसूण घालून शिजवलेले फिलिपिनी सालन. पुस्तक इंग्रजीत असल्याने आमच्या नऊ जणींपैकी चौघींनीच ते वाचले. बाकीच्यांना दोन बैठकांत गोष्ट सांगितली, अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत.

इंग्रजीत अशा कादंबऱ्यांना 'कोझी' म्हणतात. गाव लहान, माणसे एकमेकांना ओळखणारी, रक्तपात पडद्याआड, आणि तपास करणारी व्यक्ती पोलीस नसून कोणी बेकरीवाली, शिक्षिका किंवा आजीबाई. त्यातल्या खाण्यापिण्याच्या कादंबऱ्यांच्या शेवटी पाककृतीही छापतात. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचलेल्यांना किंवा इब्ने सफींचा इमरान ओळखणाऱ्यांना हा प्रकार फारच सौम्य वाटेल. यात ना पिस्तूल, ना गुप्त तळघर. आहे ते एक स्वयंपाकघर.

गोष्ट थोडक्यात अशी. लीला ही तरुणी मन मोडून शहरातून आपल्या लहान गावी परतते. तिच्या आत्याचे, रोझीचे, तिथे फिलिपिनी जेवणाचे हॉटेल आहे. भाडे थकलेले, घरमालक जागा सोडवायला टपलेला. अशात लीलाचा जुना मित्र तिथे जेवायला येतो. तो हॉटेलांवर बोचरे लेख लिहिणारा. जेवता जेवता तो कोसळतो आणि मरतो. वरून घरमालक निघतो त्याचा सावत्र बाप. संशय लीलावर आणि हॉटेलच्या भांड्यांवर. हॉटेलला टाळे. मग लीला स्वतःच शोधाला निघते. खुनी कोण ते सांगत नाही. वाचणाऱ्यांची मजा जायला नको.

आता मते.

बैठकीतल्या सर्वांत वडील खालांनी सुरुवातीलाच नापसंती सांगितली. त्यांचे म्हणणे, कुरआनात दुसऱ्यांच्या गोष्टी हुडकत फिरायला मनाई आहे आणि हे पुस्तक पहिल्या पानापासून तेच शिकवते. जासूस हा शब्दही त्या 'तजस्सुस'च्याच मुळातला. खालांचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत फार संशय घेण्यापासून, टेहळणीपासून आणि पाठीमागे निंदा करण्यापासून एका दमात रोखले आहे. (नंतर चहा पिताना खालांनी हेही सांगितले की लग्नाआधी त्या 'जासूसी दुनिया'चे अंक रजईत लपवून वाचत. त्यामुळे वातावरण बरेच निवळले.)

दुसरे मत आले ते एका भाभींचे. त्या घरून डबे देतात. हे पुस्तक सर्वांत जास्त त्यांनाच लागले. खुनी कोण याकडे त्यांचे लक्षच नव्हते. हॉटेल बंद पडल्यावर शीतपेटीतल्या मटणाचे काय झाले, हाताखालच्यांचा पगार कोणी दिला, भाड्याची तारीख कशी टळली, हेच त्या विचारत राहिल्या. कारण त्यांच्यावर हे बेतले होते. मागल्या वर्षी एका डबेवाल्या मुलाला उलट्या झाल्या. त्याच्या मित्राने वसतिगृहाच्या ग्रुपवर आवाजी संदेश टाकला, "इनका खाना मत खाओ." सव्वीसपैकी अकरा डबे दुसऱ्याच दिवशी बंद झाले. डॉक्टरांनी पुढे कावीळ सांगितली. त्याच डब्याचे जेवण जेवलेली बाकीची पंचवीस मुले ठणठणीत होती. पण दुरुस्तीचा संदेश कोणीच टाकला नाही. अकरापैकी चार डबे परत आले.

त्या म्हणाल्या, "मॅडम, किताब में तो आखिर में सच निकल आता है. अपने यहाँ आखिर ही नहीं आता."

या वाक्यानंतर थोडा वेळ कोणी बोलले नाही.

तिसरे मत महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीचे. तिला लीलाची जिवलग मैत्रीण अदीना आवडली. अदीना अवान पाकिस्तानी वंशाची मुस्लिम, कॉफीच्या दुकानात काम करणारी, जिभेची तेज. तिचा भाऊ आमिर वकील, तोच लीलाची बाजू मांडतो. "इंग्रजी पुस्तकात मुस्लिम माणूस आला की एक तर बॉम्ब, नाही तर रडणे. इथे वकील आहे, कॉफीवाली आहे, आणि कोणाला त्याचे विशेष वाटत नाही," ती म्हणाली. तिच्या आईने मात्र बजावले की यातली प्रेमप्रकरणे आणि डुकराचे पदार्थ लक्षात घेऊनच पुस्तक घरात न्यावे, आणि लहान मुलींसोबत आईनेही वाचावे. दोघींचेही बरोबर आहे.

कथानकावर टीकाही झाली. खुनी फारच उशिरा उमगतो असे एकीला, तर अर्ध्यातच कळला असे दुसरीला वाटले. खाण्याची वर्णने इतकी की तपास मागे पडतो, ही तक्रार तिघींची. नात्यांचे शब्द मात्र सर्वांना भावले. लेखिका आत्याला आंट म्हणत नाही, 'टीटा' म्हणते, आजी 'लोला'. इंग्रजीत एकाच शब्दात खाला, फुफी, मुमानी, चाची सगळ्या कोंबलेल्या असतात, तिथे हा शब्द घरचा वाटतो. आणि लीलाच्या तीन मानलेल्या मावश्या, ज्यांना गावातले सगळे आधी कळते, त्यांच्यावर तर आमच्यापैकी प्रत्येकीने आपापल्या मोहल्ल्यातली नावे सुचवली. एकीने म्हटले तसे, मोमिनपुऱ्यात असा खून झाला तर जासूस लागणार नाही, असरपर्यंत सगळ्यांना सगळे ठाऊक.

हसण्यावारी बोललेल्या या वाक्यापाशीच मला थांबावेसे वाटते. सगळ्यांना सगळे ठाऊक असते, पण ते खरे असते का?

खाला ज्या सूरहचे बोलल्या, त्याच सूरहची सहावी आयत सांगते की भरवशाच्या नसलेल्या माणसाने खबर आणली तर आधी शहानिशा करा. नाही तर नकळत कोणाचे नुकसान कराल आणि मागून पस्तावाल. बारावी आयत संशयाला रोखते, सहावी तपासायला लावते. दोन्ही एकत्र वाचल्या की फरक उमगतो. कोणाचे ऐब हुडकणे हा तजस्सुस. कोणावरचा आळ खरा की खोटा हे पाहणे ही तहकीक. मला वाटते, चांगल्या रहस्यकथेत हाच प्रवास असतो. सुरुवातीला गावभर कुजबुज असते, शेवटी पुरावा.

विज्ञानानेही हीच वाट धरली. सोमलाने आलेले मरण उलट्या-जुलाबांमुळे पटकीसारखे दिसे. त्यामुळे खरा गुन्हेगार सुटे आणि कधी निरपराध स्वयंपाकीण अडके. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने थोडासा सोमलही दाखवून देणारी खात्रीची चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा न्यायालयाला कुजबुजीऐवजी काही हातात मिळाले.

आपल्याला शहानिशेची गरज जास्त आहे, कमी नाही. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालकाचे नाव लावायला सांगितले गेले आणि २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली, तेव्हा जेवणाआधी नाव वाचले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावण्याची गरज उरली नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना जमावाने ठार केले. त्याआधी फोनवर संदेशच फिरत होते. आणि १७ मार्च २०२५ ची रात्र नागपूरकरांना आठवून देण्याची गरज नाही. अफवा, मग दगड, मग संचारबंदी.

पण बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. 'अमुक हॉटेलचे गोश्त हलाल नाही', 'तमुक बिस्किटात चरबी आहे' असे संदेश आपल्याच ग्रुपवर येतात आणि आपण सवाब समजून पुढे ढकलतो. त्या हॉटेलात कोणाची तरी रोझी आत्या चुलीपाशी उभी असते. शंका असेल तर दुकानात जाऊन विचारता येते, प्रमाणपत्र पाहता येते. घरगुती डब्याच्या व्यवसायालाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते आणि तिचा चौदा आकडी क्रमांक मागण्यात संकोच नको. खरेच कोणी आजारी पडले तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी, म्हणजे नमुना तपासला जातो. आणि आपण पाठवलेली खबर खोटी निघाली तर ज्या ग्रुपवर ती टाकली त्याच ग्रुपवर तसे लिहावे. डबेवाल्या भाभींना एवढेच हवे होते.

खालांनी शेवटी आपले मत थोडे बदलले. पुस्तक वाईट नाही, म्हणाल्या, पण लीलाने आधी घरच्यांशी सल्लामसलत करायला हवी होती.

जाता जाता अडोबो. एक किलो हलाल कोंबडी, अर्धी वाटी सिरका, तेवढाच सोया सॉस (लेबल वाचून घ्यावा), दहा-बारा लसूण पाकळ्या, तीन तेजपत्ते, चमचाभर अख्खी काळी मिरी, एक वाटी पाणी. सारे स्टीलच्या पातेल्यात घालावे. ॲल्युमिनियमला सिरका लागतो. उकळी आली की मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे शिजवावे. मीठ चाखून मगच. सॉस खारट असतो. साध्या भाताबरोबर वाढावे. सिरक्याची तारीफ खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे, त्यामुळे दस्तरखानवर या परदेशी पाहुण्याला जागा द्यायला हरकत नाही.

पुढच्या महिन्यासाठी इब्ने सफींची 'दिलेर मुजरिम', १९५२ साली निघालेली 'जासूसी दुनिया'ची पहिली कादंबरी. उर्दू वाचता येत असेल त्यांनी घरातल्या इतरांना मोठ्याने वाचून दाखवावी. मते मराठीत किंवा उर्दूत, जशी जमतील तशी पाठवा.