निबंधस्पर्धेतला चुकीचा प्रश्न

समाज कायद्याने बदलतो की प्रबोधनाने, हा विषय आपल्या महाविद्यालयांतल्या निबंधस्पर्धांत पुन्हापुन्हा दिला जातो आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, तरी हुंडा चालूच आहे. तेव्हा कायदे कागदावरच राहतात, खरी गरज मानसिकता बदलण्याची आहे. हे उत्तर समंजस वाटते, पण ते विद्यार्थ्याला विचार करण्यापासून सोडवते. दोष मानसिकतेचा म्हटला की कलम लिहिणारा सुटतो, ते न राबवणारा अधिकारी सुटतो आणि विरोध करणाऱ्याचे नावही घ्यावे लागत नाही.

१८५६ चा विधवाविवाहाचा कायदा फसला, असे अशा निबंधांत हमखास सांगितले जाते. पुनर्विवाह थोडेच झाले, हे खरे. पण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने संपत होता. लग्नाची मोकळीक देताना हातचा आधार काढून घेतला, तर त्या बाईने पाऊल उचलले नाही याचे सारे खापर रूढीवर कसे फोडायचे? १९२९ च्या सारडा कायद्याचेही तेच. मुलीचे वय १४ ठरले, पण ते मोडून लावलेले लग्न वैध राहिले, शिक्षा किरकोळ होती आणि तक्रार करणाऱ्याकडूनच जामीन मागण्याची सोय कायद्यात होती. इतका दुबळा कायदा कागदावर राहिला, तर त्यावरून दुबळ्या कायद्याविषयी काही सिद्ध होते. कायदा या साधनाविषयी नव्हे.

याउलट महाडकडे पाहावे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळाने संमत केला. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तिथे पाणी भरायला कोणी धजावले नाही. कायदा कागदावरच राहतो म्हणणाऱ्यांना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर गेले, ते याच कागदाने मान्य केलेला हक्क बजावायला. त्यानंतर त्यांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम आला. आंबेडकरांनी पाणी घेण्याचा कार्यक्रम स्थगित केला आणि दावा लढवला; १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. या चौदा वर्षांतून कायदा वेगळा आणि चळवळ वेगळी काढून दाखवता येईल का? ठरावाने हक्काला सरकारी मान्यता दिली, लोकांनी तो जिवंत केला आणि न्यायालयाने पक्का केला. सगळ्या समाजाचे मन वळेपर्यंत थांबायचे ठरले असते, तर महाडच्या अस्पृश्यांनी आणखी किती पिढ्या थांबायचे होते?

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात टिळकांचे म्हणणे होते की परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याने शिरू नये; सुधारकांनी आधी स्वतःवर बंधने घालून घ्यावीत. परक्या सत्तेविषयीची ती शंका रास्तच होती. पण त्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारावर नेले होते, एवढेच. आणि समाजाच्या संमतीची वाट पाहण्याची किंमत त्या वादात ज्यांना बोलायलाच जागा नव्हती अशा मुली भरत होत्या. आज कायदे आपणच निवडून दिलेली विधिमंडळे करतात, तेव्हा त्या आक्षेपाचा बळकट भागही उरत नाही.

विद्यार्थ्यांना कायद्यातले काय कळते, असेही कोणी म्हणेल. स्पर्धकांपैकी पुष्कळ जण अठरा वर्षांचे, म्हणजे मतदार असतात. लग्नाचे वय, रॅगिंग, आंतरजातीय विवाह यांविषयीचे कायदे थेट त्यांच्याच आयुष्याला लागू होतात. त्यांना हवा आहे नेमका प्रश्न. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. आपल्या गावात असा ठराव झाला का, कोणी मांडला, कोणी अडवला, आणि तो मोडणाऱ्यावर ग्रामपंचायत नेमके काय करू शकते, एवढे शोधून लिहा, असा विषय यंदा द्यावा.