जॅकेटचं सोडा, लायसन्सचं बोला

दरवर्षी पावसाळा संपत आला की मला पुण्याहून एक-दोन फोन ठरलेले. कधी कुणाची मावसबहीण, कधी कॉलेजातला ज्युनियर, नाहीतर आधीच्या टीममधलं कोणीतरी. "अगं, मिनेसोटाचं प्रोजेक्ट मिळालंय. तिकडे उणे तीस असतं म्हणे! जॅकेट इथूनच घेऊ का?" मग पुढची वीस मिनिटं जॅकेट, थर्मल, कानटोपी, हातमोजे. एका पठ्ठ्याने तर मनालीच्या ट्रिपला घेतलेलं जॅकेट व्हिडिओ कॉलवर अंगात घालून, गोल फिरून दाखवलं.

मी इमानेइतबारे उत्तरं देते. पण मिनियापोलिसच्या आसपास चार हिवाळे काढल्यावर माझं ठाम मत झालंय की यात महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारतच नाही. थंडी खोटी आहे असं नाही हं. ३० जानेवारी २०१९ ला इथे पारा उणे २८ फॅरनहाइटवर गेला होता, म्हणजे साधारण उणे ३३ सेल्सिअस. त्या दिवशी टपाल खात्याने राज्यात पत्रं वाटणंसुद्धा बंद ठेवलं होतं. पण त्या थंडीवरचे कपडे इथल्या कुठल्याही दुकानात मिळतात आणि हा विषय एका शनिवारी संपतो. न संपणारा विषय वेगळाच आहे. व्हिसा ज्याच्या नावावर आहे तो सकाळी आठला ऑफिसला जातो. मग घरी जो राहतो त्याने (बहुतेक वेळा 'तिने') नोव्हेंबर ते मार्च करायचं काय?

ऑफिसला जाणाऱ्याचा हिवाळा खरं म्हणजे फार सोपा असतो. गाडीत हीटर, ऑफिसात हीटर, दुपारी कॅन्टीन, तोंडी लावायला कॉन्फरन्स रूममधल्या गप्पा. डाउनटाउनमध्ये ऑफिस असेल तर मग विचारूच नका. तिथे इमारती एकमेकींना दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या पुलांनी जोडल्या आहेत. स्कायवे म्हणतात त्यांना. पहिला १९६२ मध्ये झाला आणि आता सगळे मिळून पंधरा किलोमीटरच्या आसपास आहेत. जेवण, बँक, केस कापणं, सगळं कोट न घालता उरकतं. बाहेर उणे वीस आणि आत लोक शर्टाच्या बाह्या दुमडून बसलेले. आमच्यासारख्यांना थंडी भेटते ती पार्किंगपासून दारापर्यंत, तीन मिनिटं.

आता घर कुठे असतं? ईडन प्रेरी, प्लीमथ, मेपल ग्रोव्ह अशा उपनगरात, कारण तिथे अपार्टमेंट बरं मिळतं, शाळा चांगल्या आणि चार मराठी घरंही असतात. पण किराणा दुकान दोन किलोमीटरवर, बस दिवसातून मोजक्या वेळा, आणि फुटपाथवर बर्फाचा ढीग. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेआठनंतर उगवतो आणि साडेचारला मावळतो. पुण्यात त्याच दिवसांत अकरा तास उजेड असतो, इथे जेमतेम पावणेनऊ. वर वारा. हवामान खात्याचा तक्ता सांगतो की तापमान शून्य फॅरनहाइट आणि वारा ताशी १५ मैल असेल तर अंगाला ते उणे १९ सारखं लागतं आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. चालत दूध आणायला जायचा विचारच सोडावा लागतो.

व्हिसाच्या कागदावर या माणसाला 'डिपेंडंट' म्हणतात. हिवाळ्यात ते अक्षरशः खरं होतं.

ओळखीतलं एक जोडपं डिसेंबरमध्ये इथे उतरलं. ती नागपूरला स्वतःची प्रॅक्टिस असलेली आर्किटेक्ट. इथे तीन महिने तिची सगळी बाहेरची दुनिया म्हणजे शनिवारचं इंडियन स्टोअर, तेही नवऱ्याला क्रिकेट बघून झाल्यावर वेळ मिळाला तर. फेब्रुवारीत तिने तिकीट काढलं आणि गेली परत. तो सगळ्यांना सांगत असतो, "तिला इथली थंडी मानवली नाही." अरे बाबा, थंडी तिला कधी भेटलीच नाही! ती घरातच होती.

आमच्याकडे प्रकार उलटा होता. व्हिसा माझा आणि नवरा एच-४ वर. तो मेकॅनिकलवाला, चाकणची नोकरी सोडून आलेला. एच-४ वर आल्या आल्या नोकरी करता येत नाही. त्यासाठी आधी जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं काम बरंच पुढे सरकावं लागतं. (एल-१ वाल्यांचं नशीब बरं. त्यांच्या नवरा-बायकोला २०२१ च्या अखेरीपासून वेगळं वर्क परमिट काढावं लागत नाही.) आम्ही ऑगस्टमध्ये आलो आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या हातात मिनेसोटाचं लायसन्स होतं. पहिल्या हिवाळ्याबद्दल तो म्हणतो, "पगार नसल्याचा त्रास नव्हता गं. मंगळवार आणि रविवार सारखेच वाटायला लागतात, त्याचा होता. गाडी होती म्हणून मंगळवार वेगळा करता आला."

म्हणून माझा सल्ला नंबर एक: घरी राहणाऱ्या माणसाचं लायसन्स बर्फ पडायच्या आत. ऑफिसला जाणाऱ्याचं मागाहून झालं तरी चालेल. त्याला कलीग मिळतो, टीममेट मिळतो, घरी बसलेल्याला कोण मिळणार?

यात कॅलेंडरचा एक घोळ आहे, तो आधीच समजून घ्या. बाहेरून आलेल्याने इथला रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांत मिनेसोटाचं लायसन्स काढायचं असतं. आधी लेखी परीक्षा आणि डोळ्यांची तपासणी, मग रोड टेस्ट. रोड टेस्टला गाडी आपली आपण न्यायची, इन्शुरन्सच्या कागदासकट. आणि ज्यांच्याकडे आयुष्यात कधी लायसन्सच नव्हतं अशा १९ वर्षांवरच्या माणसाला लर्निंग परमिट मिळाल्यावर तीन महिने थांबावं लागतं. आता हिशोब करा. सप्टेंबरच्या मध्याला आलात, कागदपत्रं जमवण्यात तीन आठवडे गेले, परमिट ऑक्टोबरात, म्हणजे टेस्ट जानेवारीत. रस्त्यावर पांढरी चादर, त्यात समांतर पार्किंग करून दाखवायचं. शुभेच्छा :-)

तेव्हा "स्कूटी येते ना, मग झालं" म्हणणाऱ्यांनी जॅकेट शोधण्यात घालवायचा वेळ भारतातच चारचाकी शिकण्यात घालवावा आणि तिथलं लायसन्स हातात घेऊनच विमानात बसावं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवलेल्याला इथे नियम शिकावे लागतात, पण स्टिअरिंगची भीती नसते. ती भीती बर्फात घालवणं फार अवघड जातं.

पहिला बर्फ पडला की एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जा आणि मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघा. चाकं कशी घसरतात, एबीएस पायाखाली कसं थरथरतं, हे एकदा कळलं की पुढे घाबरायला होत नाही. चकाकणाऱ्या ओल्या रस्त्याचा भरवसा धरू नका, तो ओला नसून गोठलेला असू शकतो. पारा १५ फॅरनहाइटच्या खाली गेला की मिठाचाही फारसा उपयोग होत नाही. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. काच धुवायचं पाणी उणे २० फॅरनहाइटला न गोठणारं घ्या. डिकीत फावडं, ब्लँकेट, टॉर्च, थोडा खाऊ. आणि बर्फात अडकून गाडी चालू ठेवून बसायची वेळ आलीच तर आधी उतरून मागचा सायलेन्सरचा पाइप मोकळा करा. तो बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो.

मिनियापोलिस शहरातच रस्त्यावर गाडी लावणार असाल तर 'स्नो इमर्जन्सी' नावाचं प्रकरण पाठ करा. जाहीर झाली की पहिल्या रात्री ९ पासून ठरलेल्या मोठ्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना पार्किंग बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ पासून बाकीच्या रस्त्यांची सम बाजू बंद आणि तिसऱ्या दिवशी विषम. चुकलात की गाडी उचलून नेतात. आपल्याकडच्या पी-१, पी-२ वर वाढलेल्या माणसाला हे पटकन जमायला हवं खरं तर.

बरं, गाडी आली, लायसन्स आलं. जायचं कुठे? हाही प्रश्न ऑक्टोबरातच सोडवून ठेवा, कारण जानेवारीत उत्साह नसतो. सेंट पॉलमध्ये कोमो पार्कची काचेची बाग आहे, १९१५ पासूनची. आत शिरलं की पाम, नेचे, ओलसर गरम हवा, थेट कोकणातला वास. तिकीट नाही, ऐच्छिक देणगी. मिनियापोलिसचं मोठं कलासंग्रहालयही फुकट. मॉल ऑफ अमेरिकात खरेदीसाठी जाऊ नका, चालायला जा. सकाळी दुकानं उघडायच्या आधी तिथे लोक नियमाने फेऱ्या मारतात आणि आठवडाभरात तोंडओळख होते. गाडी नसेल तर डाउनटाउन आणि विमानतळाकडून ब्लू लाइन तिथपर्यंत जाते. पब्लिक लायब्ररीचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. तिथे नुसतं बसलं तरी कोणी उठवत नाही.

लहान मूल असेल तर 'ईसीएफई' हा शब्द लक्षात ठेवा. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या मुलांसाठी इथल्या शाळा-जिल्ह्यांतर्फे वर्ग चालतात आणि त्यात आईबापांनाही यावं लागतं. थोडा वेळ मुलांबरोबर खेळायचं, मग पालकांनी वेगळं बसून गप्पा मारायच्या. फी ऐपतीप्रमाणे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीला इथली पहिली बिनमराठी मैत्रीण या वर्गात मिळाली. आपल्या लोकांना हे कोणी सांगतच नाही, मग सगळे फक्त मराठी असोसिएशनच्या पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत बसतात. असोसिएशन हवंच, गणपती तिथेच छान होतो. पण दोन कार्यक्रमांच्या मध्ये जे आठवडे असतात त्यांचं काय?

आता तुम्ही विचारणारच आहात म्हणून कपडे. भारतातून थर्मल आणा, बाकी इथे घ्या. सुती मोजे घालू नका, ओले झाले की पाय गारठतो, लोकरीचे घ्या. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पिशवीसारखे मिटन्स जास्त ऊब देतात. बूट अर्धा नंबर मोठे. जुन्या कपड्यांच्या दुकानात उत्तम कोट मिळतात, त्यात लाज कसली. मुलांना कार सीटमध्ये बसवताना जाड जॅकेट काढून पट्टे आवळा आणि जॅकेट वरून पांघरा, नाहीतर पट्टा सैल राहतो.

घराबद्दल दोनच गोष्टी. घरात थंडी वाजत असेल तर स्वेटर चढवून गप्प बसू नका. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल घरमालकाने भाड्याच्या घरात किमान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस तापमान द्यायचं असतं. आणि दही लागत नसेल तर विरजण लावून भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवा, आतला फक्त दिवा चालू. इडलीचं पीठही तसंच फुगतं.

राहता राहिला प्रश्न यायचं कधी. कंपनीला जानेवारीच सोयीचा असतो, नवीन वर्ष, नवीन बजेट. मॅनेजरला तारीख बदलून मागायला आपण उगाच कचरतो. जमत असेल तर दोघांनी मे ते ऑगस्टमध्ये या. तळी, सायकली, रात्री नऊपर्यंत उजेड, ते मिनेसोटा आधी बघितलेलं बरं. नाहीच जमलं तर व्हिसावाल्याने एकट्याने जानेवारीत यावं, घर-गाडी लावावी आणि जोडीदाराने एप्रिलअखेरीस यावं. घरचे "नवरा-बायकोने असं वेगळं राहायचं का" म्हणतील. तीन महिन्यांचा प्रश्न आहे, म्हणू द्या.

आणि तरीही दोघं जानेवारीतच येणार असाल तर कोट, टोपी, मोजे हातातल्या बॅगेत ठेवा. कनेक्टिंग फ्लाइट असेल तर चेक-इन केलेली बॅग कधीकधी दुसऱ्या दिवशी येते.