काका, तुमचा पीसी दिसंना झालाय!

बॅकअप सॉफ्टवेअरचा एक स्वभाव फार वाईट. ते बंद पडलं की बोंब मारत नाही. कोपऱ्यात पिवळा त्रिकोण येतो, ‘कॉम्प्युटर सापडला नाही’ म्हणतो आणि गप्प बसतो. आणि तुम्ही-आम्ही? त्रिकोण क्लोज करून कामाला लागतो.

आमच्या पेठ वडगावच्या घरी हा त्रिकोण अकरा आठवडे येत होता. खाली काकांचं दुकान, वर घर. दुकानाच्या पीसीवर बिलं आणि जीएसटीचा हिशोब, बाबांच्या लॅपटॉपवर पंधरा वर्षांचे फोटो. रोज रात्री दोन्हींची कॉपी वरच्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर उतरायची. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. सहा वर्षं, बॉस! आणि काकांच्या पीसीची हार्डडिस्क आता खरखरायला लागलेली. शनिवारी पुण्याहून पोचलो तर काका दारातच, “आरं, तुझा त्यो बॅकअप बघ की जरा. माझा पीसी त्येला दिसंनाच झालाय.”

वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. मोगलांच्या घोड्यांना म्हणे पाण्यातसुद्धा संताजी-धनाजी दिसायचे. इथे उलटी तऱ्हा. पीसी समोर धडधडीत चालू, इंटरनेट सुसाट, आणि सॉफ्टवेअर म्हणतं, कुठाय?

अशा वेळी पुष्कळ जण सॉफ्टवेअर काढून परत टाकतात. निव्वळ टाइमपास. सॉफ्टवेअर कॉम्प्युटर ‘शोधतं’ म्हणजे काय करतं, तर गल्लीत उभं राहून हाक मारतं, ‘कोण कोण आहे रे?’ ज्यांना ऐकू येतं ते ओ देतात. ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. म्हणून आधी बघायचं, कोण कुठल्या गल्लीत राहतं. प्रत्येक मशीनवर काळी कमांडची खिडकी उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा. काकांचा पीसी निघाला १९२.१६८.१.१४, वरचा डेस्कटॉप १९२.१६८.०.५. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे गल्ली वेगळी!

झालं होतं असं, की मध्यंतरी घरी फायबर आलं. जोडणाऱ्या पोराने नवा डबा दुकानात बसवला आणि त्याची वायर वरच्या जुन्या राउटरच्या ‘वॅन’ पोर्टात खुपसून तो गेला. नेट वर-खाली दोन्हीकडे चालू, सगळे खूश. पण एका घरात दोन राउटर, दोन नेटवर्क. बाबांच्या लॅपटॉपने तर परस्पर खालच्या डब्याचं वायफाय धरलं होतं.

उपाय पाच मिनिटांचा. जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद केलं. त्याला स्वतःला खालच्या गल्लीतला एक रिकामा आयपी दिला. मग वायर ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’ पोर्टात. आता तो नुसता वायफाय पसरवतो, कारभार एकट्या नव्या डब्याचा.

तरी दोघं दिसेनात! कारण विंडोज. अनोळखी नेटवर्क दिसलं की ते बऱ्याचदा त्याला ‘पब्लिक’ ठरवतं, एखाद्या कॅफेतलं असावं तसं, आणि आपलं मशीन लपवतं. तिन्ही मशीनवर ते ‘प्रायव्हेट’ केलं, नेटवर्क डिस्कव्हरी ऑन केली. पीसी आला. चहा होईतो लॅपटॉपही आला.

एक सल्ला मात्र कानाआड करा. ‘एसएमबी वन चालू कर, सगळं दिसतं’ असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतोच. हा फाइल शेअरिंगचा म्हातारा प्रोटोकॉल. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला तो याच्याच भोकातून शिरून. त्याच वर्षाच्या शेवटाकडे विंडोज १० ने नव्या इन्स्टॉलेशनमध्ये तो द्यायचं बंद केलं. दिसण्याच्या हौसेपायी चोरदरवाजा कशाला उघडायचा? त्यापेक्षा राउटरमध्ये प्रत्येक मशीनचा आयपी पक्का बांधा आणि सॉफ्टवेअरला नावाऐवजी तो आयपीच द्या. मग हाका मारायची भानगडच नाही.

रात्री पहिला बॅकअप पूर्ण झाला. हिरवी टिकमार्क आली, पण काकांचा तिच्यावर विश्वास नाही (माझाही नाही). म्हणून कॉपीतून २०२२ ची एक बिलांची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत उतरवून उघडली. काकांनी चष्मा लावून बेरीज तपासली. “जुळतीया,” म्हणाले.

मग काकूने विचारलं, “आणि पुराचं काय?” बरोबर होतं तिचं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूरजवळ हायवेसुद्धा पाण्याखाली गेला होता. घराला काही झालं तर पीसी आणि कॉपी एकदमच जाणार. सोमवारी पहाटे निघताना दुसरी डिस्क माझ्या सॅकमध्ये होती. आता दर महिन्याला एक डिस्क वडगावला जाते, एक पुण्याला येते. काकू सोबत चकलीचा डबा देते, त्याची कॉपी मात्र ठेवता येत नाही.