कुलूप शाबूत, चोरी झालीच



हंगाम तोंडावर आला आहे. या अंकात बेणे आणि खोडव्याविषयी लिहावे असे आमच्या मनात होते. पण मध्यंतरी एका लग्नाच्या निमित्ताने मुंबईस, जुहूला जाणे झाले, आणि तिथे असताना गावाकडून असा एक फोन आला की विषय बदलणे भाग पडले.

जुहूच्या चौपाटीवर रोजच जत्रा. रसाची गाडीही दिसली. ऊस कुठला म्हणून विचारले, तर गाडीवाल्याला सांगता येईना. ते असो. किनाऱ्यापासून जवळच जुना विमानतळ आहे. आता तिथून मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आपले चिमुकले विमान याच ठिकाणी उतरवले. पुढे तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला पोचवले. कोणाच्या पत्रात काय आहे हे या दोघांनाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. थैली हातोहात जावी, पण आतला मजकूर ज्याचा त्यालाच कळावा, हा टपालाचा धर्मच आहे.

पाहुण्यांच्या पोरांना आम्ही हे सांगत होतो, तोच फोन वाजला. आपलेच एक सभासद, वय सत्तरीच्या घरातले. "आप्पा, कारखान्यातनं फोन आलता. बिल अडकलंय म्हनले, मोबाईलवर आलेला आकडा सांगा म्हनले. म्या सांगितला. आता खात्यात काय बी ऱ्हायलं न्हाई." फोन करणाऱ्याला त्यांचे नाव, ऊस नोंदीचा क्रमांक, किती टन ऊस गेला, खाते कोणत्या बँकेत, सगळे माहीत होते. कारखान्यातून असा फोन कोणी केलेलाच नव्हता.

गावात म्हणू लागले, म्हातारा भोळा. आम्हाला हे पटत नाही. जो आपला नोंद क्रमांक आणि टनेज बिनचूक सांगतो तो कारखान्याचाच माणूस, असे समजण्यात त्यांचे काय चुकले? ही माहिती बाहेर गेली कशी, ते आधी विचारले पाहिजे.

याच मुंबईतली 1942 सालची एक हकीकत जुन्या मंडळींना आठवत असेल. चले जाव चळवळीत पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर निर्बंध. अशा वेळी 27 ऑगस्ट 1942 पासून 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. हिंदुस्थानातून कुठून तरी बोलत आहोत, एवढेच ते सांगत. बोलणाऱ्यांत 22 वर्षांच्या उषा मेहता होत्या. आपल्या चिमूर-आष्टीच्या बातम्या या रेडिओने लोकांपर्यंत नेल्या. पोलीस मागावर होते, म्हणून यंत्र एका जागी ठेवायचे नाही; आज या इमारतीत, काही दिवसांनी दुसऱ्या. यंत्र चांगले, माणसे धीराची, जागा गुप्त. तरी 12 नोव्हेंबर 1942 रोजी पोलीस दारात आले. यंत्राचे काम जाणणाराच एक कारागीर आधी पोलिसांच्या हाती लागला होता, त्याने ठिकाण दाखवले. उषाताईंकडून मात्र पुढे महिनोन्‌महिने चौकशी करूनही पोलिसांना काही मिळाले नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

आता आमच्या कारखान्याकडे पाहू. संगणक घेतले, काटा संगणकाला जोडला, वजनपावतीचा संदेश मोबाईलवर येतो, बिल थेट खात्यात जमा होते. हे चांगलेच झाले. पण गट कार्यालयात जाऊन पाहा. तिघे जण एकाच परवलीच्या शब्दावर काम करतात आणि तो शब्द पुठ्ठ्यावर लिहून टेबलाला चिकटवलेला. बिलाची यादी फलकावर लागते. तीत नाव, टनेज, रक्कम, बँक, खाते क्रमांक. मग कोणीतरी तिचा फोटो काढतो आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. हेतू चांगला, की सर्वांना कळावे. पण तो फोटो पुढे कुठे जातो ते कोण सांगणार? कारागिराला निदान पोलिसांनी पकडले होते. आपण कोणी न विचारताच ठिकाण दाखवत आहोत.

काही संचालक मंडळी म्हणतील, सहकारात हिशेब उघडा असावा. बरोबर आहे. दर, एकूण गाळप, उतारा, खर्च, हे सारे उघडे असलेच पाहिजे; ते झाकले तर आम्हीच पहिले भांडू. पण कोणाचा खाते क्रमांक काय, हे शेजाऱ्याला कळून सहकार कसा वाढतो ते आम्हास समजत नाही.

आपल्या जुन्या सावकारी पेढ्या या बाबतीत आपल्याहून हुशार होत्या. 1761 साली पानिपतचा घात झाल्याची खबर नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या बाजूस एका सावकाराच्या जासुदाकडील चिठ्ठीतून लागली, असे सांगतात. चिठ्ठीत पडलेल्या सरदारांची नावे नव्हती. मोती किती गळाले, मोहरा किती गेल्या, अशी व्यापारी भाषा होती. वाटेत चिठ्ठी कोणीही फोडील, हे सावकाराने धरूनच चालले होते.

हुंडीचेही तसेच. रक्कम आकड्यात, पुन्हा अक्षरात, आणि वर तिचे निमे किती तेही लिहायचे: हजार रुपये, पाचशेची दुप्पट. नुसते एक शून्य वाढवून भागत नसे. हुंडी निघाली की तिची आगाऊ खबर पत्राने वेगळी जाई. शाहजोग हुंडी असेल तर पैसे ओळखीच्या, पत असलेल्या शाहालाच मिळत. नुसता कागद हाती आहे म्हणून नाही. हरवली तर दुसरी प्रत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की ती हुंडी रद्द, तिचा झाला खोका. परमुलखात हजारोंचे व्यवहार या रीतीवर चालले.

मोबाईलवर येणारा आकडा म्हणजे ती वेगळी गेलेली खबरच आहे. पैसे खात्यातून काढताना ती मालकाकडे येते. ती फोनवर दुसऱ्याला सांगितली की हुंडी आणि खबर दोन्ही एकाच हातात गेली. बिल जमा करण्यासाठी या आकड्याची गरज कधीच लागत नाही. असा फोन आला तर ठेवून द्यावा, आणि आपल्या जवळच्या नंबरावरून स्वतः गट कार्यालयाला फोन लावून विचारावे. समोरच्याने दिलेल्या नंबरावरून नव्हे. तरीही पैसे गेलेच, तर लाजून बसू नये. ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे आणि बँकेतही जावे. जितका उशीर तितके पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळतात. आमच्या सभासदाने दोन दिवस घरातही कोणाला सांगितले नाही.

माणसाची खासगी माहिती जपण्याचा कायदा देशात 2023 साली झाला. पण कायद्याचे कागद गट कार्यालयाच्या फलकापर्यंत पोचायला वेळ लागेल, तोवर हंगाम संपेल. म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव मांडत आहोत: फलकावरील यादीत नोंद क्रमांक व टनेज एवढेच असावे, खाते, आधार, मोबाईल क्रमांक त्यात नसावेत, संगणकावर ज्याचा त्याचा स्वतंत्र परवलीचा शब्द असावा, आणि हिशेब खात्यातून सभासदाला फोन करायचा तो एकाच जाहीर नंबरावरून, जो वजनपावतीच्या मागे छापलेला असेल. सूचक म्हणून आमचे नाव दिले आहे. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे.